गंडीपेट ते बापूघाट, पायी

चालायला परवानगी लागते हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मी विद्यानगरहून नल्लकुंट्याला भाजी आणायला आणि जानेवारीत नामपल्लीच्या प्रदर्शनाला बेधडक चालत जात असे, आणि कुणी अडवलं नव्हतं. पण चाळीस माणसांनी मिळून, काही विकत न घेता आणि कुणाचा जयजयकार न करता, नदीकाठानं नुसतं चालायचं म्हटलं की सरकारच्या पोटात गोळा येतो.

कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐन वेळी मी वेगळं सांगितलं.

आमच्या महाराष्ट्र मंडळाचा मी इतिहास विभागप्रमुख. विभागात प्रमुखाशिवाय दुसरं कुणी नाही, पण म्हणून पद लहान होत नाही. दोन वर्षांपूर्वी कारखान्यानं मला स्वेच्छानिवृत्ती दिली. तशी माझी इच्छा आहे हे मला त्यांच्या पत्रावरूनच समजलं. देशाचे दरवाजे उघडले, बाहेरचा माल आत येऊ लागला, आणि तीस वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्टांची निगराणी करणारा मी त्याच दारातून बाहेर आलो. तेव्हापासून लग्नामुंजीत जो भेटेल तो विचारायचा, "मग, सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला उत्तर म्हणून माझ्याकडे एवढं एक पद उरलं होतं. मी त्याचं लेटरहेडसुद्धा छापून घेतलं होतं. मंगला, म्हणजे माझी पत्नी, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी करायची, पण ते असो.

नोव्हेंबरात त्या पदावर गदा आली. गदा घेऊन आलेल्या गृहस्थाचं नाव हेमंत. वय चौतीस, मूळचा पुण्याचा, हैदराबादेत येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, संगणकाच्या कंपनीत मॅनेजर. त्यानं मंडळाच्या सभेत सुचवलं की इतिहास विभाग बंद करावा आणि त्याऐवजी 'ॲक्टिव्हिटी क्लब' काढावा. सूचना त्यानं इतक्या गोड आवाजात मांडली की मीसुद्धा मान डोलावली, आणि मान डोलावून झाल्यावर मला कळलं की बंद होणारा विभाग माझा आहे. त्याची बायको वैशाली चहाच्या वेळी मला म्हणाली, "काका, तुमचं मराठी किती क्यूट आहे. मधेच 'हौ' म्हणता." आमच्या पाच पिढ्या निजामाच्या राज्यात मराठी बोलत जगल्या आणि मेल्या. ते क्यूट होतं हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शेवटी मंडळाच्या अध्यक्ष इंदुताई यांनी निवाडा केला. भगवंतरावांनी, म्हणजे मी, जानेवारीत एक कार्यक्रम करून दाखवावा. लोक त्यात झोपले नाहीत तर विभाग राहील.

मागच्या वर्षी माझ्या सातवाहनांवरच्या व्याख्यानात काही लोक झोपले होते हे खरं आहे. पण ते जेवणानंतर होतं, आणि झोपणाऱ्यात इंदुताई पहिल्या होत्या. असो. चालताना कुणी झोपत नाही, या साध्या विचारातून मला पदयात्रा सुचली. मुसा नदीचं खोरं, गंडीपेटच्या धरणापासून बापूघाटापर्यंत. वाटेत मंचिरेवुलाचं जुनं देऊळ, तारामतीची बारादरी, म्हणजे कुतुबशाहीतला बारा दारांचा मंडप, आणि शेवटी ईसा-मुसा नद्यांचा संगम. चौदा किलोमीटर आणि चारशे वर्षं, एका सकाळीत. हैदराबादेत म्हणतात की गंडीपेटचं पाणी जो प्याला तो हे गाव सोडून जात नाही. ते पाणी पिऊन दीड वर्षात हेमंत मला माझ्या पदावरून घालवायला निघाला होता, तेव्हा त्याला ते पाणी मुळापासून दाखवावं असंही माझ्या मनात होतं.

बातमी फुटल्याबरोबर सल्ले सुरू झाले. शेजारचे प्रमोद म्हणाले, त्या भागात साप फार, कांदा जवळ ठेवा. त्यांच्या सासूबाईंनी कांदा उन्हासाठी असतो, सापासाठी काठी असते अशी दुरुस्ती केली, आणि दोघांचं इतकं वाजलं की मला दोन्ही बरोबर घ्यायचं कबूल करावं लागलं. वरच्या मजल्यावरचे एक रेड्डी गृहस्थ मुद्दाम खाली आले आणि त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्या बाजूला प्लॉट बघायला जाताय का? नसाल तर कशाला जाताय? त्यांचा प्रश्न तेव्हा मला अडाणीपणाचा वाटला. पुढं लक्षात आलं की आमच्या सगळ्या सल्लागारांत ते एकटेच वर्तमानपत्र नीट वाचत होते.

मला खरा उपयोग झाला तो नागोरावांचा.

नागोराव नांदेडकडचे. पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. गंडीपेटहून शहरात पाणी आणणारा जो जुना बांधीव कालवा आहे, त्याच्या काठानं रोज चालत जायचं आणि कुठं पाझरतंय, कुणी फोडलाय का ते बघायचं, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षं त्यांनी ते खोरं पायाखाली घातलं. मला ते खोरं पुस्तकातून ठाऊक होतं आणि त्यांना तळपायातून. आम्ही दोघं दोन वर्षं रोज पहाटे विद्यापीठाच्या आवारात फिरायला जात होतो. नोकरी गेल्यावर पहिल्या दिवशी मी तोंड चुकवून त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा ते भेटले. "सध्या काय चाललंय" असं त्यांनी विचारलं नाही. दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. "चला" एवढंच म्हणाले, आणि आम्ही चालायला लागलो. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाचा जन्माचा ऋणी आहे, असं मी मंगलाला पुष्कळदा म्हटलेलं आहे.

ते आमच्या मंडळाचे सभासद मात्र नव्हते. त्यांचा अर्ज कुणी नाकारला नव्हता. त्यांना अर्ज कुणी दिलाच नव्हता. दर एप्रिलमध्ये त्यांच्या गल्लीत बाबासाहेबांच्या जयंतीची निळी तोरणं लागतात आणि दर सप्टेंबरात आमच्या मंडळाचा गणपती बसतो, आणि मधलं अंतर पाच मिनिटांचं असलं तरी ते कुणी चाललं नव्हतं. मी त्यांना म्हटलं होतं, पदयात्रा होऊ द्या, मी स्वतः तुमचं नाव सुचवतो. ते म्हणाले, "बघू की."

आता परवानगीकडे येतो. धरणाच्या बांधावर पाय ठेवायला एका कचेरीचं पत्र लागतं. कचेरीचं नाव लिहीत नाही, माणसं आपापल्या परीनं चांगली होती. टेबलामागच्या कारकुनानं माझा अर्ज दोनदा वाचला आणि दयेनं विचारलं, "कायकू चलते साब? बसां हैं ना." मी त्याला इतिहासाचं महत्त्व सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि फॉर्म पुढे केला. फॉर्मवर बांधावर जाण्याची कारणं छापलेली होती: पाहणी, शूटिंग आणि इतर. पाहणी करायला सरकारी हुद्दा लागतो. 'इतर'वर खूण केली तर कागद मोठ्या साहेबांकडे जातो, आणि मोठे साहेब ट्रेनिंगला गेलेले. मी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला कारकून म्हणाला, तुम्ही म्हातारे माणूस, तुमचे हाल बघवत नाहीत, शूटिंगवर खूण करतो, कुणी विचारत नाही. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, म्हातारा नाही, हे मी त्याला बजावून सांगितलं आणि सही केली.

मग पत्रक. आमच्या लोकांत देवाची पूजा चुकली तर चालते, छापील पत्रिकेतला क्रम चुकलेला चालत नाही. मी दोन रात्री बसून नकाशा काढला, पुस्तकावरून आणि चौसष्ट साली त्या बाजूला काढलेल्या एका सहलीच्या आठवणीवरून. खाली कार्यक्रम: आठ वाजता धरण, साडेनऊला देऊळ, साडेअकराला बारादरी, एक वाजता बापूघाटावर पुरीभाजी, दीड वाजता आभारप्रदर्शन. मार्गदर्शक म्हणून माझं नाव ठळक अक्षरात. त्याखाली बारीक अक्षरात 'सोबत: स्थानिक माहितगार'. नागोरावांचं नाव घालायला जागा नव्हती असं मी स्वतःला सांगितलं. कागदाला चारी बाजूंनी बोटभर समास होता.

झेरॉक्स होऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी नागोराव सकाळी फिरताना म्हणाले की मी काल जाऊन वाट बघून आलो. स्वतःच्या खर्चानं, बस बदलून, आपण होऊन गेले होते. म्हणाले, देवळापर्यंत ठीक आहे. पण पुढं वीटभट्टीपासून सरळ जाता येत नाही, तिथं कुणीतरी जमीन घेऊन लांबच लांब भिंत घातलीय. भट्टीपाशी डावीकडं वर चढून कालव्याच्या काठानं जावं लागतं, थोडं लांब पडतं, पण बारादरीला बरोबर निघतं. मी त्यांना म्हटलं, बरं झालं सांगितलंत. घरी येऊन साठ झेरॉक्सच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. साठांवर बाण सरळ होता. आता साठ कागदांवर पेनानं खाडाखोड करून हेमंतच्या हातात द्यायचे? मी विचार केला, भिंतीला कुठंतरी दार असेलच.

ठरलेल्या रविवारी बस साडेसातला नल्लकुंट्याहून निघायची होती, ती सव्वाआठला निघाली. माणसं एक्केचाळीस, त्यात मंगलाही. इंदुताई पुरीभाजीच्या पातेल्यांबरोबर बसमध्येच राहणार होत्या आणि परस्पर बापूघाटावर भेटणार होत्या. प्रमोद कांदे घेऊन आले. मंडळाचं बॅनर होतं, कारण बॅनरशिवाय फोटो निघत नाही. माझ्यासाठी एक भोंगा भाड्यानं आणला होता, त्याची बॅटरी नागोरावांच्या खांद्यावर. हेमंत डोक्यावर उलटी टोपी घालून आला होता. त्यानं बसमध्ये नागोरावांकडे पाहून मला विचारलं, "हे कोण, काका?" मी म्हटलं, "माहितगार." नागोरावांनी नमस्कार केला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

धरणावर रखवालदारानं पत्र पाहिलं, मग आम्हाला पाहिलं, मग आमच्यामागं कुणी आहे का ते पाहिलं. "हीरोइन एक्कड?" हिरॉइन कुठंय, असं तो विचारत होता. मी म्हटलं, हिरॉइन नाही. त्यानं वैशालीकडे बराच वेळ बघितलं आणि आम्हाला आत सोडलं. नंतर समजलं की त्यानं जवळच्या वस्तीवर निरोप पाठवला होता. बांधावर उभा राहून मी एकोणीसशे आठच्या महापुराबद्दल पंचवीस मिनिटं बोललो. माणसं हजारोंनी वाहून गेली, त्यावर हे धरण बांधलं, सगळं सांगितलं. एकही श्रोता झोपला नाही. उलट श्रोते वाढत चालले होते. मला भरून आलं. भाषण संपल्यावर माझ्या ध्यानात आलं की वाढलेले श्रोते आसपासचे लोक आहेत आणि ते कॅमेऱ्याची वाट बघताहेत.

मी भोंग्यावरून दख्खनीत जाहीर केलं की शूटिंग नाही, आपण इतिहास बघायला आलो आहोत. त्यावर एक म्हातारा समजुतीनं हसला. मोठे लोक गर्दी टाळायला असंच सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. आम्ही निघालो तसे तेही निघाले. देवळापाशी पोचलो तेव्हा आमच्या एक्केचाळीसांमागं तीस-पस्तीस जण होते आणि हिरो देवळामागून निघणार की झाडावरून, यावर त्यांची चर्चा चालली होती. हेमंत मला म्हणाला, "काका, क्राउड जबरदस्त जमवलंय तुम्ही." हा उपरोध होता की कौतुक, हे मला कळलं नाही. मी ते कौतुक धरलं. मला कौतुकाची गरज होती.

साडेदहाच्या सुमाराला वीटभट्टी आली. नागोराव पुढं होते, ते थांबले आणि म्हणाले, "भगवंतराव, हितून वर."

हेमंतनं खिशातून पत्रक काढलं. सगळ्यांसमोर उलगडलं. "पण मॅपमध्ये तर सरळ दाखवलंय, काका."

त्या वेळी मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की नकाशा चुकलाय. दोन शब्द. माझ्या मागं चाळीस माणसं उभी होती आणि हेमंत हसत होता. तो बहुतेक साधाच हसत होता, पण मला नोव्हेंबरची सभा दिसली. मी म्हटलं, "सरळच. हे वरून म्हणताहेत तो कालव्यावरच्या मजुरांचा रस्ता आहे. ऐतिहासिक रस्ता हाच." नागोराव माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि बॅटरी सावरून मागून येऊ लागले.

भिंतीला दार होतं. म्हणजे गवंड्यांना विटा न्यायला एक भगदाड ठेवलेलं होतं. आत गेलो तर नदीच्या उतारापर्यंत सगळी जमीन चुन्याच्या रेघांनी चौकोनात कापलेली, चौकोनाचौकोनात दगड रोवलेले. पलीकडे रस्त्याच्या बाजूला मोठी कमान होती आणि तिच्यावर इंग्रजीत सोन्याच्या रंगात काहीतरी 'व्हॅली' असं लिहिलं होतं. चौसष्ट साली मी इथंच एका विहिरीपाशी डबा खाल्ला होता. विहीर नव्हती. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी भाषण करतो.

मी भोंगा तोंडाला लावला आणि ही जमीन मुळात कुणाची, ते सांगायला सुरुवात केली. जहागीर कुणाची होती, त्यातली इनाम जमीन कुणाला मिळाली, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खाजगी मालमत्ता म्हणजे काय, नंतर वारस कोण कोण झाले, आणि ती अशी परस्पर विकता येते का, हा शेवटचा प्रश्न मी जरा आवेशानं विचारला. आता हे शब्द पुण्याच्या माणसाला इतिहासाचे वाटतात. हैदराबादच्या वेशीवर ते कोर्टाचे शब्द आहेत. जहागीर, इनाम आणि वारस असे तीन शब्द भोंग्यावरून उच्चारले की या शहरात कुणालाही एकच अर्थ कळतो, जमिनीवर दावा. शिवाय मागं सत्तर-पंच्याहत्तर माणसं, पुढं तिथं कुणाला न समजणाऱ्या भाषेतलं बॅनर, आणि प्रमोदांच्या हातात काठी.

दोन जिपा आल्या. त्यातून सात-आठ धिप्पाड माणसं उतरली आणि शेवटी सफारीतला एक मॅनेजर. शूटिंग बघायला आलेली मंडळी एका मिनिटात कुठं गेली ते कळलं नाही. मॅनेजरनं आवाज न चढवता विचारलं, "कौनसी पार्टी है?" मी म्हटलं, पार्टी नाही, मंडळ आहे. मंडळ म्हटल्यावर तो आणखीच गंभीर झाला. कब्जा करायला माणसं आणायची ही रीत त्याला नवी नव्हती, मागच्या महिन्यातच दोनदा झालं होतं. म्हणून तो म्हणाला, बायकामाणसं आहेत, सगळ्यांना जाऊ देतो. पण लीडर इथं ऑफिसात बसेल. मालक येतील, पाहिजे तर पोलीस येतील, मग बघू. "लीडर कौन है? कौन लाया इन लोगां को इधर?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. भोंगा माझ्या हातात होता. हेमंत अगदी हळू म्हणाला, "काका, तुम्हीच ना?"

आणि मी म्हणालो, "रस्ता इन्होंने दिखाया." माझं बोट नागोरावांकडे होतं.

माणूस घाबरला की काय बोलतो त्याची जबाबदारी त्याच्यावर नसते, असं नंतर प्रमोद मला म्हणाले. मला ते पटवून घ्यायचं होतं. पण मी घाबरल्यामुळं खोटं बोललो हे अर्धंच खरं आहे. हेमंतच्या आणि चाळीस माणसांच्या देखत, रस्ता माझा चुकला नाही, या माणसाचा चुकला, हे सांगायची संधी मला दिसली आणि मी ती घेतली. तेवढं भान मला त्या भीतीतही होतं.

नागोरावांनी बॅटरी खांद्यावरून काढून माझ्या पायाशी ठेवली. रागावले नाहीत. निदान मला तसं दिसलं नाही, मी नीट बघितलं नाही. म्हणाले, "मी थांबतो. तुम्ही बायालेकरं घेऊन जावा. माघारी भट्टीपाशी जावा आन तिथून वर कालव्यावर चढा. मंग चुकत नाई."

मी म्हणालो, "यांना बारादरीला पोचवतो आणि लगेच येतो." हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

कालव्याच्या काठची वाट सुरेख होती. चुकली नाही. बारादरीवर पोचलो तेव्हा माणसं इतकी गप्प झालेली होती की मला बोलावंच लागलं, आणि बोलायला लागल्यावर अर्धा तास गेला. तिथून परत जायचं तर तासभराची वाट, आणि इतक्या लोकांना अनोळखी जागी टाकून मार्गदर्शकानं जायचं कसं, हा प्रश्न मी मनात काढला आणि त्याला योग्य ते उत्तर दिलं. मग ठरवलं की बापूघाटावर पोचलो की बस घेऊन जाऊ. बापूघाटावर ड्रायव्हर म्हणाला, जेवल्याशिवाय गाडी हलवणार नाही. त्याच्या या हट्टाचा मला राग आला नाही. इंदुताईंनी पानं वाढता वाढता विचारलं, ते तुमचे माहितगार कुठं राहिले? मी म्हणालो, "त्यांचं तिकडंच काम होतं. परस्पर येतील." मंगला माझ्या पानाशी भाजीचा डाव घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पानाकडे गेली. मी पाच पुऱ्या खाल्ल्या. नको म्हटलं असतं तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

मग छापल्याप्रमाणे आभारप्रदर्शन. उशिरा, पण झालं. हेमंत आपण होऊन उठला आणि म्हणाला की काकांनी आज ज्या शांतपणे प्रसंग हाताळला त्याला तोड नाही, कंपनीत आम्हाला याचं ट्रेनिंग देतात. आपण इतिहास विभाग बंद करायला नको, उलट काकांनी दर वर्षी अशी पदयात्रा काढावी. टाळ्या झाल्या. इंदुताईंनी तिथल्या तिथं मंजुरी दिली. मग मी उठलो. चालकाचे आभार मानले, स्वयंपाकाला मदत केलेल्या भगिनींचे मानले, कांद्यांबद्दल प्रमोदांचे मानले. बॅनर धरणाऱ्या दोघांची नावं घेतली. एवढी नावं घेतल्यावर एक नाव राहिलं आहे हे तिथं बऱ्याच जणांना ठाऊक होतं, आणि कुणीच आठवण करून दिली नाही. त्याबद्दल मला त्यांचेही आभार मानावेसे वाटले.

बस निघताना तीन वाजून गेले होते. बॅटरी माझ्या मांडीवर होती. कमानीकडे जाणारा रस्ता डाव्या हाताला लागला तेव्हा मी प्रमोदांशी सापांबद्दल बोलत होतो.

घरी येऊन अंघोळ केली. सहाच्या सुमाराला फाटक वाजलं. मंगलानं दार उघडलं. नागोराव होते. चपला धुळीनं भरलेल्या होत्या म्हणून ते पायरीवरच उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "समदे नीट पोचले ना?"

मी म्हटलं, "हौ, पोचले. तुम्हाला फार त्रास दिला का त्यांनी?"

"नाई जी. त्यांचा गेटवरचा माणूस माझ्या वळखीचा निघाला. कालव्यावर असताना त्याच्या झोपडीत पाणी प्यायचो. त्यानं सांगितल्यावर त्यो साहेब बी हसला, चहा दिला, धा मिंटात जा म्हणला."

"दहा मिनिटांत? मग आत्तापर्यंत?"

"तुम्ही येतो म्हणले व्हते ना." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. "म्हणलं, तुम्ही इतक्या दुरून माघारी येणार, आन मी दिसलो नाई तर घाबरून जाल. म्हणून भायेरच्या दगडावर बसून ऱ्हायलो. चार वाजेस्तोवर बघितलं. मंग वाटलं, काई झालं का काय तुम्हाला."

यावर बोलण्यासारख्या पुष्कळ गोष्टी असतील. मी म्हणालो, "पुरीभाजी फार छान झाली होती. तुमच्यासाठी ठेवायला हवी होती."

नागोरावांनी मान हलवली. "असू द्या," म्हणाले. मंगलानं आणलेलं पाणी उभ्या उभ्याच प्याले, तांब्या तिच्या हातात परत दिला, आणि सकाळी भेटू असं न म्हणता गेले.

दार लावून मंगला तिथंच थांबली. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली आहेत, मला लाजेनं मान खाली घालावी लागू नये याची काळजी ती अजून घेते. शेवटी म्हणाली, "गडबडीत विसरला असाल तुम्ही त्यांना."

साडेदहापासून सहापर्यंत मी नागोरावांना एक मिनिटभरही विसरलो नव्हतो.

"हो," मी म्हणालो, "विसरलोच."